बकारामच्या मरळी

सरकारनं मालगुजारांची जमीनदारी मोडली त्या साली बकाराम ऐन रोवणीत हिवतापानं खाटेला खिळला. धानाचे परे, म्हणजे भाताची रोपं, लावणीवाचून जून होत चालली होती, पण कुणाला हाक मारावी इतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. न बोलावताच सारं गाव त्याच्या शेतात उतरलं आणि दिवस मावळायच्या आत रोवणी आटोपून गेलं.

त्याची बायको रुख्मा शेत पाहून आली ती तणतणतच. "रोवनी केली खरी मुडद्यायनं, पन पान्यासाठी आपल्या बोडीची पार फोडली, अन् खाली टोपल्या लावून साऱ्या मरळी घेऊन गेले! एक नाई ठेवली!"

शेताच्या माथ्यावरच्या त्या लहानशा तळ्यात, बांधाच्या आड, बकारामनं हे मरळ मासे दोन वर्षं जपले होते, घरच्यांनाही चाखू दिले नव्हते. आता शिव्या द्याव्यात तर कुणाला आणि पाया पडावं तर कुणाच्या? माणसं तीच होती. त्याला विचार करायचाही कंटाळा आला.

तेवढ्यात शेजारचा चैतराम झाकलेला वाडगा घेऊन दारात आला. दिवसभर चिखलात राहून त्याचे पाय पांढरेफटक पडले होते.

"खाऊन घे, बकाराम भाऊ. तापातल्या मानसाले मासोळीचा रस्सा चांगला रायते," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली माया खोटी नव्हती.

बकारामनं झाकण काढलं. आत त्याचीच मरळ होती. आता नवरा काय बोलतो म्हणून रुख्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बकाराम जेवला आणि त्यानं वाडगा चाटूनपुसून साफ केला.

"मीठ कमी पडलं, चैतराम," एवढंच म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.