सात नंबरचा बाण

घरात काही फुटलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? "कोणी फोडलं?" कुणाला लागलं का, हे आपण नंतर विचारतो, आणि तोवर पोराने रक्ताळलेलं बोट खिशात लपवलेलं असतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आम्हीही असेच वाढलो. वाढलो खरे. पण आधी ही गोष्ट ऐका, मग बोला.

विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत तिरंदाजीला मुलींचा एक संघ गेला होता. तिघीच जणी. कप्तान ती सगळ्यांची ताई. दुसरी मास्तरीण, कारण ती बसमध्ये बसल्या बसल्याही इतरांच्या चुका काढायची. तिसरी वयाने आणि अंगानेही लहान, म्हणून बारकी. बरोबर प्रशिक्षक सर आणि दुखलंखुपलं बघायला फिजिओबाई. सर माणूस म्हणून वाईट नव्हते हो, मुलींसाठी मरमर मरायचे. पण धाक असला की हात थरथरत नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

सरावात बारकीचा एक बाण आधी रुतलेल्या तिच्याच सात नंबरच्या बाणावर आदळला. असं झालं की तो बाण तपासायचा असतो. दोन्ही टोकं धरून कानाजवळ हलकेच वाकवायचा आणि ऐकायचं. कार्बनचा बाण आतून तडकला असेल तर बारीक करकर येते. असा बाण सोडताना फुटला, तर त्याच्या सुया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. बारकीने सात नंबर वाकवला. करकर आल्यासारखी वाटली. तिने श्वास रोखून पुन्हा वाकवला. आलीच.

आता सरांना सांगायला हवं होतं. पण आदल्याच दिवशी तिचा एक बाण मोडला होता, तेव्हा सरांनी परक्या संघांदेखत तिची अशी खरडपट्टी काढली होती की तिला जेवण गेलं नव्हतं. "तुला आणलं हेच चुकलं," असंही म्हणाले होते. बारकीने बाण पुसला आणि मुकाट्याने पेटीत ठेवला. उद्या तो वापरायचाच नाही, म्हणजे झालं, असं तिने मनाशी ठरवलं.

पण सामन्याच्या सकाळी कुणाच्या भात्यात कोणते बाण जायचे हे सर स्वतः ठरवत. बारकीचा सात नंबर मधोमध बसतो, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी तो उचलून तिच्या भात्यात घातला. बारकीने भाता तसाच कमरेला बांधला.

उपांत्य सामना शेवटच्या फेरीपर्यंत ताणला. बारकी इतर बाणांवर कसंबसं निभावत होती. ताईचे झाले, मास्तरणीचे झाले, आणि संघाचा शेवटचा बाण बारकीवर आला.

"सात काढ," मागून सर म्हणाले.

तिने सात काढला. ओढलेली दोरी हनुवटीला टेकली. समोर लक्ष्य होतं, पण तिला दिसत होता तो स्वतःचा डावा हात. एका मुलीच्या हाताचा फोटो फिजिओबाईंनी मागे दाखवला होता, अंगठ्यापासून मनगटापर्यंत काळे तुकडे घुसलेला. मागे सर, पुढे बाण, आणि जावं कुठे ते कळेना.

"सोड! सोड ना!"

तिने दोरी हळूहळू सैल केली आणि धनुष्य खाली घेतलं. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. संघ हरला होता.

खेळाडूंच्या तंबूत सरांचा पारा चढला. "घाबरट कुठली! सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस."

"सर, तो बाण... करकरतोय."

"आता बाणाच्या नावावर ढकल. दे इकडे." त्यांनी तो हिसकावून दोन्ही हातांनी वाकवला. काडकन आवाज झाला. बाण मधोमध चिरफळला आणि एक काळी सुई सरांच्या अंगठ्यात घुसली.

फिजिओबाईंनी ती चिमट्याने उपसली. "तुम्ही नुसता वाकवलात, सर. हिने सोडला असता तर हिच्या हाताचं काय झालं असतं?"

सर पांढरेफटक पडले. "मग काल का नाही सांगितलंस गं?"

उत्तर बाईंनीच दिलं. "कशी सांगेल? एक बाण मोडला तर काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या धाकाने चुका थांबत नाहीत हो. फक्त तुमच्या कानावर यायच्या थांबतात."

"धाकामुळेच इथवर आल्यात पोरी," सर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"मग विचारून बघा, आणखी कोणी काय लपवलंय."

सरांनी विचारलं. मग ताईने उजवा हात पुढे केला. "दोरी ओढते ना सर, त्या दोन बोटांना काही कळतच नाही. इथे यायच्या आधीपासून."

बाई दचकल्या. "अगं, मलासुद्धा नाही बोललीस?"

"तुम्ही सरांना सांगितलं असतं."

मास्तरीण तंबूच्या कापडाकडे बघत म्हणाली, "मी प्रत्येक सामन्याआधी उलटी करून येते."

सर खुर्चीवर बसले. इतकी वर्षं शिकवत होते, पण मुलींच्या भीतीची भीती त्यांना आज पहिल्यांदा वाटली. दुपारी कांस्यपदकाचा सामना होता. ताई कळवळून म्हणाली, "सर, बोटांना पट्टी बांधून खेळते, चालेल मला."

"मला नाही चालणार," सर म्हणाले. "बाई, हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या." ते बारकीजवळ गेले, तिचा डावा हात उलटसुलट करून नीट पाहिला. "वाचलीस गं बाई. चूक माझी आहे." मग, दोघींवर संघ होत नाही म्हणून, आपण खेळणार नाही हे कळवायला स्वतः पंचांकडे गेले. पदक गेलं.

वाचकहो, आपल्याला जो घाबरतो तो आपल्याला खरं सांगत नाही. घरात असो, वर्गात असो, कचेरीत असो, आपल्यासमोर सगळं सुरळीत दिसत असेल तर खूश होऊ नका. आपल्या माणसांना आज जवळ बसवून विचारा, काही लपवलंय का. आणि उत्तर आलं, तर कृपा करून आवाज चढवू नका.