चादरींच्या खोलीची कडी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एका रुग्णालयातली अरुंद खोली डोळ्यांसमोर आणा. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या चादरी, हवेत फिनेलचा वास. दार आतून लावायला एक लोखंडी कडी. ती जुनी कडी म्हणजे मी.

लोहाराने मला ठोकून घडवलं, तेव्हा वाटलं होतं, आपण चोरांना अडवू. जन्मभर मी अडवलं ते फक्त रडू.

या मजल्याच्या मोठ्या सिस्टर रोज एकदा तरी आत यायच्या. बाहेर रुग्णाचा नातेवाईक अंगावर धावून आलेला असायचा, नाहीतर डॉक्टरांनी चारचौघांत झापलेलं असायचं. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा, हे त्यांचं काम. आत आल्या की त्या मला लावत, घडीची चादर उलगडत आणि मुसमुसत पुन्हा तिची घडी घालत. तिसऱ्या चादरीला डोळे कोरडे. बाहेर जाताना हसू तयार!

बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, "मोठ्या सिस्टरना बाई घड्यांचं भारीच वेड!" नीटनेटक्या खोलीबद्दल मोठ्या सिस्टरना बक्षीस म्हणून एक ढालही मिळाली. ती इथेच धूळ खात पडली आहे.

पुढे तीन चादरी पुरेनात, नऊ लागू लागल्या. रक्तदाब वाढला, झोप उडाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "आराम करा हं," आणि त्याच आठवड्यात त्यांनी वरच्या मजल्याचं कामही सिस्टरच्या गळ्यात घातलं.

शाळा सुटली की सिस्टरची आठ वर्षांची मुलगी इथे स्टुलावर बसून अभ्यास करायची. आई आत आली की ती भिंतीकडे तोंड करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

एके दुपारी सिस्टर आत आल्या, पण मला लावायला त्यांचा हातच वर जाईना. त्या जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊ लागल्या. दार सताड उघडं. मला बरं वाटलं. म्हटलं, बघू देत एकदाचं सगळ्यांना! कुणीतरी विचारील, सिस्टर, तुम्हाला काय होतंय?

मुलगी उठली. "आई, हळू ना गं. लोक बघतील."

"बघू देत, बाळा."

"वेडी आहेस का? मग तुझं कोण ऐकेल?"

मित्रांनो, त्या क्षणी मी गंजून अडकायला हवं होतं. पण रोजच्या वापराने मी गुळगुळीत झाले होते. मुलीने दार लोटलं, स्टूल दाराशी ओढलं आणि वर चढून एका बोटाने मला सरकवलं. मग खाली उतरून तिने फळीवरची एक घडीची चादर काढली आणि आईच्या हातात दिली.