जुन्या डीबगरची वाट

तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर हेमराजजींनी पुलगावच्या घरी बसून एक एम्युलेटर उभा केला. वर्गातले जुने मायक्रोप्रोसेसर-संच केव्हाच भंगारात गेले होते. हा प्रोग्रॅम त्यांचे हुबेहूब सोंग घेई. समुद्रपूरहून त्यांचे वर्गमित्र डोमाजी आपल्या संगणकावरच्या डीबगरने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनाने, त्यात शिरत, चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवत, आणि पुढची पावले दोघे मिळून टाकत. अर्धांगवायूनंतर डोमाजींना शब्द सापडत नसत, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. दुपारचे हे थांबणे-चालणे हेच दोघांचे बोलणे. हेमराजजींच्या घरात दुसरे बोलणारे कोणी उरलेही नव्हते.

चैत्र लागला आणि डोमाजी येईनासे झाले. हेमराजजी जेवण उरकून पडद्यासमोर बसत. चहा करत, तो एकट्यापुरता. मन वाईटाकडेच धावे. शेवटी त्यांनी डोमाजींची सून रीता हिला फोन लावला.

"बाबाची तब्येत कशी आहे व पोरी?"

"तब्येतीले काय धाड भरली? दोन भाकरी खाते अन् माह्यावर डोळे काढते. पण काकाजी, तुमचं भांडण झालं काय जी?"

"नाई व. काऊन?"

"कम्प्युटरवर चादर टाकून बसले ना! काई विचारलं का 'हेम्या... दार... बंद', एवढंच. नवीन प्रोग्रॅम टाकून देऊ का त्यायले?"

"नको. डाव्या हाताले कीबोर्डच्या ज्या कळा पाठ आहेत, त्याच राहू दे. दार म्याच लावलं असन."

फोन ठेवून त्यांनी जुना डीबगर स्वतःच्याच दुसऱ्या संगणकावर चढवला आणि जोडून पाहिला. क्षणात जोडणी तुटली. चैत्राच्या तोंडावर काढलेल्या एम्युलेटरच्या नव्या आवृत्तीत त्यांनी एक सुधारणा केली होती: जोडणाऱ्याला आधी विचारायचे, तुला कोणकोणते हुकूम समजतात? नवे डीबगर उत्तर देत. जुन्याला हा प्रश्नच ठाऊक नव्हता. तो गप्प राही, आणि एम्युलेटर त्याला परका समजून बाहेर काढी. चाचण्या शिस्तीत झाल्या होत्या, पण साऱ्या नव्या डीबगरवर. जुने तर चालणारच, हे त्यांनी गृहीत धरले होते.

दुरुस्ती लहानशी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. आता उत्तर आले नाही तर थोडे थांबायचे, आणि गप्प राहणाऱ्याला जुन्या रीतीने आत घ्यायचे. जुना जोडला, नवा जोडला, पुन्हा जुना जोडून पाहिला. मग रीताला कळवले, "चादर काढजो व."

चार वाजायच्या सुमारास जोडणी आली. डोमाजींनी प्रोग्रॅम सुरू केला, एका ओळीवर थांबवला, आणि पुढची कळ दाबलीच नाही; जोडणी मात्र तोडली नाही. हेमराजजींना तो इथूनही चालू करता आला असता. त्यांचे बोट कळीपर्यंत गेले आणि मागे आले. तिकडे समुद्रपुरात एक माणूस याच ओळीकडे बघत बसला होता. संध्याकाळची गाडी स्टेशनातून निघून गेली, खोलीत अंधार दाटला. दिवा लावायलाही ते उठले नाहीत.