सहाव्या नंबरची वुरी

वुरी सहावी आली होती. जिल्हा निवडणूक आयोगावर माणसं घेतात पाच, आणि पाचवी कोण, तर लिस्त्यानी! कालची पोर. वुरीने मतदान केंद्रांवर उभं राहून पायाचे तुकडे पाडले, आणि मान मिळाला हिला. आता पाचातलं कुणी गळालं तरच सहावीला बोलावणं. झालं, तेव्हापासून वुरी टपूनच बसली. दुसरं कुणी गळून चालणार नव्हतं, लिस्त्यानीच गळायला हवी होती.

निवडणूक तोंडावर आली. आयोगाच्या माणसाने कुणाची बाजू घ्यायची नाही, या दिवसांत फोटोतसुद्धा बोटं वर करायची नाहीत. बोटं म्हणजे उमेदवाराचा नंबर. लिस्त्यानी प्रत्येक फोटोत मूठ आवळून उभी राहायची. वुरीला तेही बघवायचं नाही. "मिरवतेय मेली!" म्हणायची.

शेजारच्या लग्नात बक्सोच्या, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या सूपच्या, गाडीभोवती ही गर्दी! लिस्त्यानीने लांबूनच दोन बोटं दाखवली आणि ओरडली, "दोन वाडगे द्या हो भाऊ! एक माझा, एक वुरीताईंचा!" वुरीने हसत मोबाइल वर केला. मागे दोन नंबरच्या उमेदवाराचं भलंमोठं पोस्टर होतं. बक्सो तिने चाटूनपुसून खाल्ला, आणि घरी जाऊन तो फोटो दोन नंबरवाल्याच्या विरोधकांना पाठवून दिला.

चौकशी लागली. बक्सोवाल्याला त्या गर्दीतलं काही आठवेना. लिस्त्यानी धावत आली ती वुरीकडेच.

"ताई, बरं झालं तुम्ही होतात! तुम्ही सांगितलंत की मिटलं."

"सांगते ना," वुरी म्हणाली.

चौकशी समितीच्या प्रमुखांनी वुरीला विचारलं, "दुसरा वाडगा तुमच्यासाठी होता?"

'हो' म्हटलं की खुर्ची गेली.

"छे हो," ती म्हणाली. "मी कुठे काय मागितलं? मला काहीच माहीत नाही."

लिस्त्यानी तिच्याकडे बघतच राहिली. सगळं कळलं तिला. भांडेल, रडेल, चार शिव्या घालेल, वुरी तयारच होती. पण लिस्त्यानी हळूच म्हणाली, "माझाच गोंधळ झाला असेल, साहेब. ताईंना मध्ये ओढू नका."

खुर्ची वुरीलाच मिळाली. पण लिस्त्यानीच्या त्या बोलण्याने तिला लाज वाटली म्हणाल, तर नाव नको. तिचा नुसता तिळपापड झाला. इतकं चांगलं वागायला कुणी सांगितलं होतं हिला? इथेही हिनेच पुढे राहायचं?