काढून नेलेला टॉवर

विचुंब्यातल्या सखूबाईंच्या गच्चीवरचा मोबाईलचा टॉवर कंपनीनं काढून नेला, त्यालाही आता पावसाळा उलटून गेला होता. तरी सखूबाईंना त्याची घरघर ऐकू येत होती. जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा. "आयकलंस?" त्या सुनेला विचारायच्या आणि वर बघायच्या. मनिषालाही मग वर बघावंसं वाटायचं, आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

मनिषा गव्हाणची, शाळेत विज्ञान शिकवणारी. असल्या गोष्टींवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. टॉवर होता तेव्हा त्याच्या लहरींनी डोकं दुखतं, केस गळतात, शेवग्याला शेंगा धरत नाहीत, असं सगळं गाव एकमेकांना सांगायचं, आणि सांगायचं कसं, तर त्याच टॉवरच्या रेंजवर मोबाईल कानाला लावून! त्या लहरींत तेवढा जोर नसतो, इतकी वर्षं शोधूनही तसं काही सिद्ध झालेलं नाही, हे तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. शिकलेली सून म्हणून लोकांनी ऐकून घेतलं, आणि बांधावरच्या देवाला देतात तशी टॉवरलाच राखण दिली. कोंबडा, नारळ, सगळं यथासांग.

मग तिचा धाकटा दीर धनेश डोकं धरून बसू लागला. डॉक्टरकडे नेऊ या, असं मनिषा म्हणाली. "दुखनं गच्चीवर बसलंय, डाक्तर काय करल?" असं म्हणून सखूबाईंनी त्याची खाट मागच्या खोलीत नेली आणि खिडकीला पत्रा ठोकला. आणि पोराला चक्क बरं वाटलं! आईनं एवढा जीव टाकल्यावर चार दिवस कुणालाही वाटेल. पण सगळ्यांनी सुनेकडे असं काही पाहिलं की तिनं डॉक्टरचा विषय सोडून दिला. एका सकाळी चहा घेऊन उठताना धनेश कोसळला आणि दवाखान्यात वारला. मेंदूत गाठ होती, जुनी. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मनिषानं आणि तिच्या नवऱ्यानं, निकेशनं, ते वाक्य घरात कधी काढलं नाही. गावानं टॉवरला दोष दिला आणि तो उतरवायला लावला.

आता सखूबाईंचं डोकं दुखत होतं. कपडे वाळत घालताना तोल जायचा, भिंत धरावी लागायची. शेजारणी म्हणायच्या, धनेशच आलाय वर. निकेशनं गच्चीवर जाणं सोडलं. मनिषाला धनेश दिसत नव्हता, पण तेच भिंत धरणं, तेच डोळे मिटणं दिसत होतं. धनेश तेव्हा असाच उभा राहायचा. एका दुपारी तिनं सरळ रिक्षा बोलावली.

सखूबाई उंबऱ्यात बसून राहिल्या. "मी नाय येनार."

"आई, टॉवर तर गेला. मग दुखतंय कशानं, ते बघायला नको?"

"त्याचंच तर भ्या हाय गो." सखूबाईंचा आवाज अगदी खाली आला. "डाक्तरला माज्या डोक्यात काय गावलं, तर माज्या पोराचं पन टॉवरनी नव्हतं. मग त्याला घरात कोनी ठेवला? पत्रा कोनी ठोकला? मीच ना?"

रिक्षावाला हॉर्न देत होता. सगळ्या गावाशी भांडलेल्या मनिषाला खरं बोलायची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"टॉवरनीच नेला त्याला," ती म्हणाली. "तुमचं येगलं हाय. चला."

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पदर खोचून उठली. रिक्षा पनवेलच्या रस्त्याला लागल्यावर तिनं सुनेचा हात घट्ट धरला.

"खोटं बोललीस," ती म्हणाली. "पन यापुढं मी कवाबी विचारलं, तरी हेच सांग."