हॉल्मरॉइडची तिसरी ओळ

ब्रायोनीला लोकांना वाचवायची भारी हौस. कुणी हाक मारलेली नसतानाही ही धावत सुटायची, आणि ड्रमसमोर बसली की मग तर विचारूच नका. त्यांच्या बँडचं नाव 'स्लो पंक्चर'. सॅक्सोफोनवर जोएल, बेसवर केझिया, कीबोर्डवर फिन आणि ड्रमवर ही. चौघंही लीड्सच्या कॉलेजात जॅझ शिकले आणि बाहेर पडल्यावर त्यांनी ठरवलं, की शिकलेलं सगळं आता रॉकच्या दणक्यात कुटून काढायचं. कुठलीही गोष्ट दोनदा तशीच वाजवायची नाही, आणि घरून ठरवून काही आणायचं नाही, एवढाच काय तो नियम. मुखडा पक्का, मधलं सगळं त्या त्या वेळी सुचेल ते.

आता सुचेल ते म्हटलं, की कधी कधी काहीच सुचत नाही हेही ओघानं आलंच. भर स्टेजवर माणूस हरवतो. जोएल हरवला की डोळे मिटून एकच सूर लांबवत राहायचा, किल्ली विसरलेला माणूस आपल्याच दाराशी उभा राहतो तसा. अशा वेळी ब्रायोनीनं काठ्या डोक्यावर उचलायच्या आणि सगळ्यांनी एकदम मुखड्यावर तुटून पडायचं. याला ते 'हवा भरणं' म्हणत. पंक्चर नावाच्या बँडात दुसरं काय म्हणणार? लोकांना वाटायचं, काय सुरेख योजना आहे. जोएल एकदा तिला म्हणाला होता, "तू मागे बसलेली असतेस म्हणून मी वाट्टेल तिकडे भटकू शकतो." कुणाचं प्रशस्तिपत्रक जपावं तसं तिनं ते वाक्य जपलं होतं.

जोएलचे वडील ट्रेव्हर हेपवर्थ बार्न्सलीच्या पलीकडे हॉल्मरॉइड नावाच्या गावात राहायचे. गावात एके काळी कोळशाची खाण होती आणि खाणीचा स्वतःचा पितळी वाद्यांचा बँड होता. खाण बुजली, बँड मात्र टिकला. ट्रेव्हरनी उभा जन्म त्या बँडात कॉर्नेट फुंकण्यात घालवला. आधी खाणीतल्या यंत्रांनी आणि मग आजूबाजूच्या ट्रॉम्बोनवाल्यांनी त्यांचे कान खाल्ले. डावा कधीच गेला होता. उजव्यात मशीन होतं, आणि तोही आता फार दिवसांचा सोबती नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

मुलाचा बँड त्यांनी कधीच ऐकला नव्हता. भांडण वगैरे काही नाही. जोएलनं बोलावलं की ते म्हणायचे, "तुमचं ते भांडी पडल्यासारखं संगीत माझ्या डोक्यावरून जातं रे," आणि चहा ठेवायला उठायचे. या खेपेला मात्र जोएल हटूनच बसला. शेफील्डच्या एका जुन्या कामगार क्लबात रविवारी दुपारी कार्यक्रम होता, आणि गावाहून थेट बस होती. "एकदाच या बाबा. मग पुन्हा म्हणणार नाही." एवढं कशासाठी, ते त्यानं बँडमध्ये कुणालाही सांगितलं नाही.

ट्रेव्हर आले ते टाय लावून आणि बूट चमकवून. त्यांच्या बँडात टायशिवाय वाजवायला येणाऱ्याला मास्तर दारातूनच परत पाठवायचे. अर्धा ग्लास बिअर घेऊन ते पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूला फाटक्या जीन्समधली पोरं, आणि मधे हे चर्चला आल्यासारखे. ब्रायोनीला ते बघताक्षणीच आवडले. आज यांच्यासमोर जोएलची मान खाली जाता कामा नये, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं.

तिसऱ्या रचनेत जोएलनं हात जरा हलवला आणि केझिया, फिन दोघंही थांबली. तो एकटाच वाजवू लागला. साधे, सरळ, हळू सूर. त्याच्या नेहमीच्या कोलांट्या नाहीत, किंकाळ्या नाहीत. ब्रायोनीला वाटलं, घाबरलाय बिचारा, सोपं सोपं वाजवतोय. पहिल्या रांगेत ट्रेव्हरनी ग्लास खाली ठेवला आणि कानामागे तळवा धरला. मग जोएलनं डोळे मिटले आणि एक सूर धरला. तो सूर बारीक होत गेला, संपेना, कुठे वळेना. ही खूण तिनं अंधारातसुद्धा ओळखली असती. हरवला. नेमका आज, बापासमोर.

तिनं काठ्या उचलल्या. इतक्या मायेनं तिनं आजवर कुणालाच वाचवलं नव्हतं.

मुखडा असा कोसळला की क्लबच्या खिडक्या थरथरल्या. पोरं उड्या मारू लागली. ट्रेव्हर दचकले. त्यांनी कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. मग शेवटपर्यंत ते हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत बसून राहिले. त्यांची मान ठेक्याच्या जरा मागेच चालली होती.

कार्यक्रमानंतर चौघं व्हॅनमध्ये सामान चढवत असताना ट्रेव्हर बाहेर आले.

"काय दणका उडवता रे पोरांनो," ते म्हणाले. "खुर्चीतून थेट ढुंगणापर्यंत पोचला."

सगळे हसले. त्यांनी मशीन पुन्हा कानात बसवलं आणि सहज विचारावं तसं जोएलला विचारलं, "मधे तू हॉल्मरॉइड धरलं होतंस की काय रे? पहिल्या दोन ओळी आल्यासारख्या वाटल्या."

जोएल वायर गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "छे हो बाबा. असंच काहीतरी होतं."

"हां. मग मलाच भास झाला असेल."

तो त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून आला. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये ब्रायोनीला राहवेना. "हॉल्मरॉइड म्हणजे गाव ना तुमचं?"

"गावाची प्रार्थना. चालीला गावाचंच नाव आहे. गावचा बँड सरावाच्या आधी ती वाजवतो, आणि गावातलं कुणी गेलं की कबरीपाशी. बाबांनी मला पहिल्यांदा शिकवली ती तीच." तो खिडकीबाहेर बघत सांगत होता. "तिच्यात दुसऱ्या ओळीवरून तिसरीत जाताना श्वास घ्यायचा नसतो. शेवटचा सूर धरायचा आणि तसंच पलीकडे जायचं. जग तिथे श्वास घेतं, फक्त आमचं गाव घेत नाही. जुन्या मास्तरची खोड, दुसरं काय."

"म्हणजे तो लांब सूर..."

"सोड ना. तुला कसं कळणार? मी सांगितलंच नव्हतं. ठरवून आणायचं नाही हा आपलाच नियम."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या निमूटपणे घेतल्या असत्या आणि तिच्या जिवाला जरा थंडावा मिळाला असता. पण त्यानं खिडकीला डोकं टेकलं आणि झोपल्याचं सोंग केलं. पुढच्या सीटवरून केझिया म्हणाली, "पुन्हा बोलवू की त्यांना," आणि सगळे म्हणाले, हो, बोलवू.

पुन्हा काही जमलं नाही. हिवाळ्यात ट्रेव्हरना सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि ते उठून बसले तेव्हा उजवा कानही गेल्यात जमा होता. तोंडाकडे बघत बघत, कानाशी ओरडून बोललं तर शब्द कळायचे. सूर मात्र गेले. नळात हवा अडकल्यावर जशी घरघर होते, तसं त्यांना सगळं संगीत ऐकू येऊ लागलं.

आणि दैवाची थट्टा बघा. क्लबवाल्यांनी त्या दुपारचं रेकॉर्डिंग केलं होतं. ते बाहेर पडलं आणि रेडिओवरच्या एका बाईनं नेमकी तीच जागा उचलून धरली. ती नाजूक धून, तो तुटता सूर आणि त्यावर कोसळणारा डोंगर. अशी धाडसी जागा तरुण पोरांकडून बऱ्याच दिवसांत ऐकली नाही, म्हणे. झालं. गावोगावची बोलावणी आली आणि जिथे जाल तिथे लोकांना तीच जागा हवी. दोनदा काही न वाजवणारा बँड आता ते रोज वाजवू लागला. जोएलनं दोन ओळी वाजवायच्या, सूर धरायचा, हिनं काठ्या उचलायच्या आणि लोकांनी बेभान व्हायचं. माणसाची चूक एकदा होते आणि मागे पडते. ब्रायोनीला ती दर कार्यक्रमाला ठरवून करावी लागत होती, वर टाळ्याही घ्याव्या लागत होत्या. तिला स्वतःची किळस येऊ लागली.

ब्रिस्टलला तिच्यानं झालं नाही. जोएलनं सूर धरला, समोरची गर्दी उडी मारायच्या तयारीत वाकली, आणि हिनं काठ्या मांडीवर ठेवल्या. जोएलनं एक डोळा उघडून मागे पाहिलं. श्वास संपत आला होता. मग त्यानं तो सूर तसाच ओढून तिसऱ्या ओळीत नेला आणि प्रार्थना शेवटपर्यंत वाजवली. लोकांनी आपल्या टाळ्या वाजवायच्या म्हणून वाजवल्या. "ड्रमवालीला झोप लागली वाटतं," मागून कुणीतरी ओरडलं.

आत आल्यावर जोएलनं विचारलं, "हवा का नाही भरलीस?"

"तू हरवला नव्हतास."

"तेव्हाही नव्हतो," तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत तो हे पहिल्यांदा बोलला. तिला वाटलं होतं, बोलला की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

"आता पुरी वाजवून ऐकवू कुणाला मी?" सॅक्सोफोन पुसता पुसता तो म्हणाला. "ज्यांच्यासाठी होतं त्यांना ट्रकचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही."

"तरी त्यांच्यासमोर वाजव."

"आलीस? लगेच मदतीला आलीस?" तो म्हणाला. त्यानं सॅक्सोफोन पेटीत ठेवला. मग म्हणाला, "रविवारी जाणार आहे. यायचं तर ये. काठ्या घेऊन येऊ नकोस."

रविवारी ट्रेव्हरनी बीफ भाजलं होतं, आणि ग्रेव्ही इतकी घट्ट की चमचा उभा राहावा. जेवण झाल्यावर जोएल बैठकीच्या खोलीत सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. ट्रेव्हर आरामखुर्चीत बसले. काय वाजवणार ते त्यांनी विचारलं नाही आणि जोएलनंही सांगितलं नाही. ब्रायोनी दाराजवळच्या स्टुलावर बसली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं ते मांड्यांखाली घातले.

जोएल वाजवू लागला. ट्रेव्हर त्याच्या बोटांकडे बघत नव्हते. कॉर्नेटवाल्याला सॅक्सोफोनची बोटं काय कळणार? ते त्याच्या खांद्यांकडे बघत होते. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. जोएलनं शेवटचा सूर धरला. सूर तुटला आणि त्याचे खांदे वर उचलले गेले.

ट्रेव्हरनी बोट वर केलं. "तिथे नाही."

जोएल थांबला. एकही सूर कानात न शिरता त्या माणसानं नुसत्या श्वासावरून चाल ओळखली होती.

"तिथे श्वास घेतलास तर मास्तरनं घरी पाठवलं असतं तुला," ते म्हणाले. "पहिल्यापासून घे."

जोएलनं बाहीनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून घेतलं. या वेळी तो सूर धरून पलीकडे गेला. ट्रेव्हर त्याच्या खांद्यांवरची नजर न हलवता पुढे वाकून बसले होते आणि त्यांचे स्वतःचे खांदेही तेवढा वेळ हलले नाहीत. ब्रायोनी ऐकत होती. कुणाला वाचवायचं नाही, कुठे शिरायचं नाही, नुसतं ऐकायचं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमलं. तिसरी ओळ तर इतकी सुंदर होती, की त्या दुपारी आपण काय हिरावून घेतलं ते तिला तेव्हा कुठे नीट कळलं.

संपल्यावर ट्रेव्हरनी मान हलवली. "श्वास बरोबर होता," ते जोएलला म्हणाले. मग ते ब्रायोनीकडे वळले.

"पोरी, इकडे ये. तुझे कान चांगले आहेत. कसं वाजलं ते सांग मला."

ती उठली. त्यांच्या खुर्चीशी गुडघे टेकले आणि उजव्या कानापाशी तोंड नेलं.

"फार हळू वाजवलं, काका," ती ओरडली.

"हळूच वाजवायचं असतं ते. पुढे?"

"पहिल्या दोन ओळी अगदी साध्या. आणि मग तो सूर धरला ना, तो बारीक झाला, पण तुटला नाही." इतकं हळुवार वाजलेलं तिला घसा ताणून सांगावं लागत होतं. खिडकीपाशी जोएल पाठमोरा उभा होता.

"आणि तिसरी?"

तिनं सांगायला तोंड उघडलं. पण जे काही आलं ते कुजबुजल्यासारखं आलं.

ट्रेव्हरनी कान आणखी पुढे केला.

"जरा मोठ्यानं, पोरी," ते म्हणाले. "तिसरीचं मला काहीच ऐकू आलं नाही."