दुसऱ्या गिअरचा चढ

दुसरा

सगुणानं ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला. टेम्पोनं मागे काळा धूर ओकला आणि असल्फ्याच्या चढावर, पाण्याच्या टाकीच्या वळणाआधीच, मान टाकली.

तिचा नवरा हरेश्वर न सांगता खाली उतरला. गाडी मागे घसरू नये म्हणून हातातली लाकडी उटी त्यानं मागच्या चाकाखाली सरकवली आणि तिथेच उभा राहिला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवरून हात काढला नाही.

"बोट असती तर बारा माणसांवर ओरडला असता," सगुणा खिडकीतून म्हणाली. "इथं दातखीळ बसलीय."

त्यानं उटी पायानं आणखी आत ठोकली.

पहिला

पहिल्या गिअरमध्ये, रडत, सोसायटीच्या गेटशी पोचायला सव्वाआठ वाजले. साडेसातच्या बायका कामाला निघून गेल्या होत्या. माशांवरचा बर्फ वितळून टेम्पोच्या फळीखालून ठिबकत होता. तिसऱ्या मजल्यावरची नमिता पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, सगुणा, सुरमई चालत निघाली असती तरी तुझ्याआधी पोचली असती.

मग सेक्रेटरी श्यामकांत आले. चांगला माणूस. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की तीन आठवडे हेच चाललंय. बुधवारी साडेसातला गाडी इथे नसेल, तर गेटची जागा कांदिवलीच्या फ्रीझरवाल्याला द्यायचं कमिटीनं ठरवलंय.

सात वर्षं ती इथे बसत होती. आधी डोक्यावर पाटी घेऊन, चढ पायी चढून. श्यामकांतांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शिव्यांना तिच्याकडे उत्तरं होती.

न्यूट्रल

मंगळवारी साकीनाक्याला प्रितमच्या गॅरेजमध्ये ती फळकुटावर बसायला तयार नव्हती. उभ्यानंच सगळं बोलून झालं: दोन मेकॅनिक झाले. एकानं डिझेल फिल्टर बदलला, एकानं क्लच खोलून परत लावला, दोघांनी एअर फिल्टर झटकला. सपाटीवर झकास पळते, चढ आला की मरते. गाडी विकणाऱ्याचा मुडदा बसवला, दोन्ही मेकॅनिकांचा उद्धार केला. नवऱ्याकडे वळली तेव्हा नवं काही उरलं नव्हतं, म्हणून जुनंच पुन्हा काढलं.

हरेश्वर दाराशी उटीवर बसला होता.

प्रितमनं एकच विचारलं, धूर कसला, पांढरा की काळा? काळा म्हटल्यावर त्यानं मान हलवली.

"डिझेल जातंय, काकी. हवा जात नाही. गाडी बंद किती दिवस होती?"

"जून-जुलै. मासेमारी बंद, गाडी बंद."

"काका, उभी असताना काही झालं होतं? पाणीबिणी?"

"तिला विचार," हरेश्वर म्हणाला. "मना कोण विचारतंय?"

प्रितमनं केबिनच्या मागून फिल्टरकडे येणारा हवेचा पाइप फिल्टरपाशी सोडवला आणि इंजिन रेस केलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते मोकळ्या गळ्यानं ओरडलं. धूर नाही. मग त्यानं बॅटरी लावून पाइपात डोकावलं, हसला, आणि पक्कड मागितली.

"काकी, फडकं अडकलंय आत. कोपऱ्यात गोळा झालंय. कोणी कोंबलं?"

सगुणानं वाकून बघितलं. तेलानं काळं झालेलं, निळ्या चौकड्यांचं फडकं. लुंगीचं. ही लुंगी तिनं स्वतः धुतली होती, पुष्कळ वेळा.

ती सरळ झाली. हरेश्वर आता उटीवरून उठला होता, पण पुढे आला नव्हता.

रिव्हर्स

बोट जूनमध्ये वेसाव्याच्या वाळूवर ओढली की तिचा तांडेल हरेश्वर इंजिनाच्या तोंडात तेलाचं फडकं कोंबायचा. दमट हवा जाऊ नये, उंदीर जाऊ नये. नारळी पुनवेला सगुणा नारळ घेऊन उभी राहायची आणि हाक मारायची. ज्यानं तोंड बांधलं त्यानंच खोलायचं. त्याच्याआधी चावीला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

होळीनंतर तिनं बोट विकायला लावली आणि हा टेम्पो घेतला. जूनमध्ये टेम्पो उभा केला तेव्हा त्यानं त्याचंही तोंड बांधलं असणार. यंदा पुनवेला नारळ घरातच फुटला. सकाळी तिनं त्याला हाक न मारताच टेम्पोवरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि चावी फिरवली. इंजिनानं फडकं आत ओढून घेतलं.

तीन आठवडे. दोन मेकॅनिक. चढावर उटी घेऊन हा माणूस गप्प उतरत होता, गप्प चढत होता.

परत न्यूट्रल

प्रितमनं पक्कड आत घातली.

"थांब," सगुणा म्हणाली.

हाताशी पाना होता, तो तिनं उचलला आणि परत ठेवला. जागा जायला एक दिवस राहिला होता. फ्रीझरवाल्यानं बर्फ भरून ठेवला असेल. आणि हा रुसून बसलेला, साठ वर्षांचा घोडा.

"ओ तांडेल," ती म्हणाली. शिवी द्यावी तशी. "तोंड खोला."

हरेश्वर आला. पक्कड त्यानं घेतली नाही. बाही वर सारून, वाकून बोटं पाइपात रेटली, टोक चिमटीत धरलं, आणि फडकं हळूहळू, न फाडता, बाहेर ओढलं. घडी घालून खिशात ठेवलं. मग तिच्यासमोर तळवा धरला.

तिनं चावी त्यावर आपटली.

त्याला गाडी येत नव्हती. तो ड्रायव्हरच्या जागी बसला, चावी फिरवली, इंजिन ऐकलं आणि सरकून डावीकडे गेला.

"नारळ मिळणार नाय," ती म्हणाली.

"मागितलाय कोणी?"

दुसरा

बुधवारी सव्वासातला टेम्पो असल्फ्याच्या चढाला लागला. पाण्याच्या टाकीचं वळण दिसलं. हरेश्वरनं पायाजवळची उटी उचलली आणि दुसऱ्या हातानं दाराची कडी धरली.

"बसा खाली," सगुणा खेकसली, आणि वळण संपेपर्यंत दुसरा गिअर बदलला नाही.